तीन राउंड, 193 मिनिटं: भाच्याच्या सिंगल सीटर सीझनचा टायरवाल्या मामानं लावलेला हिशेब

आधी गुण सांगून टाकतो, बरेच जण तेवढंच बघून खाली सरकतात. मेकॅनिकांना पाचपैकी पाच. कोचला चार. गाडीला साडेतीन. बिलं काढणाऱ्या ऑफिसला दोन, त्यातलाही एक चहाचा.

टीमचं नाव लिहीत नाही. भांडण मिटलंय, पैशाचं देणंघेणं संपलंय, आणि त्यांच्याकडची दोन पोरं अजून मला सणासुदीला फोन करतात. पण आपल्या भागातून कुणी पोराला सिंगल सीटरच्या, म्हणजे एकाच माणसाच्या रेसगाडीच्या, सीझनला पाठवायचं म्हणत असेल, तर त्यानं ॲडव्हान्स भरायच्या आधी हे वाचावं. मला असं सांगणारं कुणी भेटलं नाही. लातुरात नीटच्या क्लासचं विचारा, पानटपरीवालासुद्धा फीपासून होस्टेलच्या वरणापर्यंत सगळं सांगतो. रेसिंगचं विचारलं की म्हणतात, "म्हंजे शंकरपट का?"

माझं औसा रोडला टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंगचं दुकान. बावीस वर्षं झाली. भाचा म्हणजे माझ्या उदगीरच्या अक्काचा धाकटा. माझ्याकडे राहून पॉलिटेक्निक करतो, मेकॅनिकल, दुसरं वर्ष. ऑगस्ट 2024 संपता संपता चेन्नईत आयलंड ग्राउंड्सच्या भोवती साडेतीन किलोमीटरच्या शहरी रस्त्यावर रात्रीची रेस झाली, ती या गड्यानं माझ्या दुकानात, टायरच्या चळतीवर बसून मोबाईलवर बघितली. पावसानं तिथलं पहिल्या दिवशीचं वेळापत्रक कोलमडलं होतं, तरी हा जेवायला उठला नाही. मीही मधूनमधून डोकावत होतो. लोक गाड्या बघतात, मी टायर बघत होतो. दिव्यांच्या उजेडात ओलं डांबर आणि त्यावर ती रुंद रबरं. खरं सांगतो, मलाही चैन पडेना.

दाजींचं म्हणणं सरळ होतं. सोयाबीनला भाव नाही आणि पोरगं गोल गोल फिरायला पैसे मागतंय. शेवटी निम्मे त्यांनी दिले, निम्मे मी. किती ते लिहीत नाही, कारण दर सीझनला बदलतात आणि घासाघीसही चालते. एवढंच सांगतो की तेवढ्यात माझ्या दुकानात थ्रीडी अलाइनमेंटचं नवं मशीन आलं असतं.

पॅकेजचं नाव 'अराइव्ह अँड ड्राइव्ह'. म्हणजे तुम्ही हेल्मेट घेऊन यायचं, बाकी गाडी, टायर, पेट्रोल, मेकॅनिक, पिटमधला, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या दुरुस्त करायच्या जागेतला तंबू, सगळं टीमचं. भाड्याच्या ट्रॅक्टरसारखं. फोनवर ऐकताना फार सोपं वाटतं. हेल्मेटबरोबर आगीपासून वाचवणारा सूट, आत घालायचे नोमेक्सचे कपडे, डोक्यावरची टोपडी, हातमोजे, बूट आणि मानेला आधार देणारं हॅन्स, हे सगळं 'तुमचं' यात मोडतं, हे नंतर कळतं. सूटवर नाव आणि रक्तगट शिवून घ्यावा लागतो. आमच्या गल्लीतल्या लग्नाच्या सदऱ्यांवर नक्षी काढणाऱ्यानं तो शिवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. पुढं अक्काला तो रक्तगट दिसला आणि ती दोन दिवस जेवली नाही, ते वेगळं. शिवाय एफएमएससीआय या देशातल्या मोटर रेसिंगच्या संघटनेचं लायसन्स आणि त्यासाठी डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट. ही कामं वेळेत झाली. त्यात टीमनं फोनवर चांगली मदत केली, तेवढं श्रेय देतो.

आता गाडी. एलजीबी फॉर्म्युला फोर. नावात फॉर्म्युला फोर आहे म्हणून टीव्हीवरच्या एफफोरशी गल्लत करू नका, मी केली होती. ती जगभर चालणारी एफफोर वेगळी, एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेनं 2014 मध्ये सुरू केलेली; आपल्या देशातल्या मालिकेत तिची फ्रान्सच्या मिगाल कंपनीची गाडी आणि टर्बो इंजिन असतं, डोक्यावर हेलोची कमान असते, आणि भाडं ऐकलं तर माझ्यासारख्यानं खाली बसून पाणी प्यावं. आमची ती देशी. 1300 सीसीचं इंजिन मारुती स्विफ्टचं. म्हणजे ज्या इंजिनाच्या गाड्या माझ्या दारात रोज 165/80 आर 14 चे टायर बदलायला येतात, तेच. फक्त इथं ते माणसाच्या पाठीमागं बसवलंय, आणि माणूस जमिनीपासून वीतभर वर, आरामखुर्चीत रेलल्यासारखा. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. ब्रेक जास्त दाबला की चाक जाम, आणि चाक जाम झालं की टायरला एका जागी सपाट डाग. मला तो डाग म्हणजे कुणीतरी माझ्या खिशात हात घातल्यासारखा दिसतो.

एलजीबी हे नाव कोइमतूरच्या चेन बनवणाऱ्या कंपनीचं. माझ्या शेजारचा बाईकचे स्पेअर विकतो, त्याच्याकडे त्यांच्या चेनचे डबे आहेत. भाच्यानं गाडीवरचं नाव बघून त्यालाच आधी फोन लावला.

कोइमतूर हेच या सगळ्याचं माहेर आहे, हे तिथं गेल्यावर समजलं. करिवर्धन नावाच्या तिथल्या माणसानं 1988 मध्ये मारुती 800 चं इंजिन लावून सिंगल सीटर बनवली, फॉर्म्युला मारुती. पुढं 2005 मध्ये एफ वनमध्ये गेलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन, त्यानं रेसिंगची सुरुवात याच फॉर्म्युला मारुतीत केली. करिवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले. शहराबाहेर चेट्टीपालयमला त्यांच्याच नावाचा ट्रॅक आहे, कारी मोटर स्पीडवे, 2003 पासूनचा, सुमारे 2.1 किलोमीटरचा. मी 145/70 आर 12 चे मारुती 800 चे टायर विकून घर बांधलेला माणूस. त्या ट्रॅकच्या गेटवर चप्पल काढावीशी वाटली.

आमचे तिन्ही राउंड तिथंच होते. लातूरहून अंधारात निघायचं, औसा, तुळजापूर करत सोलापूर गाठायचं, तिथून कुर्ला–कोइमतूर एक्सप्रेसनं एक दिवस, एक रात्र. तुळजापूरला अक्कानं पहिल्या खेपेला हेल्मेट देवीच्या पायाशी लावून आणायला सांगितलं होतं. देवळाबाहेरच्या फुलवाल्यानं विचारलं, "नवी गाडी घेतली का, मालक?" म्हटलं, भाड्यानं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवसापासून इडली, आणि इडलीबद्दल माझी तक्रार नाही.

आता मुद्द्याचं. टीमवाले सीझन विकतात राउंडमध्ये: तीन राउंड, प्रत्येकी तीन रेस, नऊ रेस. ऐकायला भरपूर. पण आम्ही लातूरकर. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा टँकर किती लिटरचा ते न विचारता किती घागरी भरल्या ते विचारायचं, हे घराघरात शिकलोय. मी दुकानातली बिलाची जुनी वही बरोबर नेली होती. भाचा पिटमधून बाहेर पडला की वेळ लिहायची, आत आला की वेळ लिहायची.

कागदावर एका राउंडला वीस-वीस मिनिटांचे दोन सराव, पंधरा मिनिटांची क्वालिफायिंग (रेसला कोण कितव्या जागेवरून सुटणार ते हिच्यात ठरतं) आणि बारा-बारा मिनिटांच्या तीन रेस. एक्क्याण्णव मिनिटं. तीन राउंडची 273. प्रत्यक्षात पोरगं ट्रॅकवर होतं पहिल्या राउंडला 71 मिनिटं, दुसऱ्याला 38, तिसऱ्याला 84. एकूण 193. म्हणजे वर्षभराचे पैसे, तीन वेळा सोलापूर–कोइमतूर, कॉलेजची हजेरी, हे सगळं सव्वातीन तासांच्या आत. उरलेली 80 मिनिटं कुठं गेली तेही वहीत आहे. काही लाल झेंड्यात. कुणीतरी वाळूत रुतला की सगळ्यांना आत बोलावतात, घड्याळ मात्र चालूच. त्यात कुणाचा दोष नाही. काही पट्टे आवळण्यात, बॅटरीत, "एक मिनिट थांबा" म्हणण्यात. आणि बरीचशी दुसऱ्या राउंडला, त्याचं पुढं सांगतो.

म्हणून पहिला सल्ला हा: टीमला विचारायचं की गेल्या सीझनला तुमच्या नवख्या पोरानं ट्रॅकवर किती मिनिटं काढली. मिनिटं म्हटल्यावर समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो, बघा तुम्ही.

पहिला राउंड. शुक्रवारचा पहिला सराव. भाचा आत आला, हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाला, "मामा, स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी उजवीकडं जाऊलाली."

टीमच्या इंजिनिअरनं ऐकून घेतलं आणि इंग्रजीत सांगितलं की नवीन मुलांना असं वाटतं, ट्रॅकला उतार असतो. आता मला सांगा, बावीस वर्षं मी दुसरं काय ऐकतोय? दिवसाला दहा माणसं येऊन "गाडी एका बाजूला ओढतेय" म्हणतात. त्यातल्या आठांची खरंच ओढत असते. मी काही बोललो नाही. पिटमध्ये पालकानं तोंड उघडू नये असा तिथला रिवाज आहे आणि तो बरोबर आहे. मी नुसता खाली बसून मागचं डावं चाक बघत राहिलो.

तिथला मोठा मेकॅनिक, पन्नाशीचा, कपाळाला विभूती, हिंदी चार शब्दांची. तो माझ्याकडे बघत होता. मी तळहात उभा धरून किंचित बाहेर वळवला. त्याला कळलं. त्यानं मान हलवली आणि जाऊन दोरा आणला.

हे बघायला मिळालं म्हणून पॅकेजचे निम्मे पैसे वसूल झाले असं मी समजतो. गाडीच्या चारी कोपऱ्यांना चार स्टँड, आणि दोन्ही बाजूंनी नायलॉनचा बारीक दोरा, पुढून मागं, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, गाडीच्या मधल्या रेषेला समांतर. मग स्टीलची पट्टी घेऊन दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या कडेचं अंतर, मग मागच्या कडेचं. दोन्हींतला फरक म्हणजे टो, चाक किती आत-बाहेर वळलंय ते. बस्स. ना मशीन, ना स्क्रीन. माझे उस्ताद निलंग्याला याच पद्धतीनं ट्रकचे टो काढायचे, सुतळीनं. मी दुकान टाकलं तेव्हा पहिली दोन वर्षं हेच केलं, आणि मशीन आल्यावर लाज वाटून ती सुतळी लपवून ठेवली. इथं रेसच्या गाडीला तोच दोरा. मेकॅनिकानं पट्टी लावताना श्वास धरला होता. मीही धरला. मागच्या डाव्या चाकात, बसवायला हवं त्यापेक्षा तीन मिलिमीटरचा फरक निघाला. माझ्या दुकानात तीन मिलिमीटर निघाले तर गिऱ्हाइकाला म्हणतो, "टायर खाऊन टाकला असता बघा." या गाडीत तेवढ्यानं पोराचा आत्मविश्वास खाल्ला असता.

चौकशी केल्यावर कळलं की आदल्या दिवशी ही गाडी दुसऱ्या एका मुलानं सरावाला चालवली आणि कडेच्या कर्बवर जोरात आपटली. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी दुसऱ्याला दिली याचा राग नाही. भाड्याची गाडी आहे, मीही पिकअप भाड्यानं देतो. पण आपटली हे सांगायला नको? इंजिनिअर नंतर येऊन "सॉरी अंकल" म्हणाला. मेकॅनिकांचे पाच तिथंच पक्के झाले.

टायरचंही तिथंच लिहून टाकतो, माझा विषय आहे. माहितीपत्रकात 'प्रत्येक राउंडला नवीन सेट' होतं. शुक्रवारी गाडीवर जे टायर होते ते नवीन नव्हते. नवीन रबराला नख दाबलं की खूण राहते. हे दोन-तीनदा गरम होऊन थंड झालेले, कडक. मी विचारलं तर ऑफिसवाला म्हणाला की सराव जुन्यावरच करतात, नवीन सेट क्वालिफायिंगला निघतो. बरोबर आहे. सगळ्या टीम तसंच करतात, नवीन टायरचा चांगला काळ सरावात कोण उडवेल? पण मग तसं छापा ना. मी कुणाला रिमोल्ड विकला तर बिलावर रिमोल्ड लिहितो. हवा मात्र जिवापाड जपतात. गाडी आत आली की आधी गेज, मग पाणी, मग ड्रायव्हरची चौकशी. गरम टायरमध्ये हवा वाढते, ती धरून थंड असताना कमी भरायची, हा हिशेब अर्ध्या अर्ध्या पौंडात चालतो. आपल्याकडे लोक सहा महिने हवा बघत नाहीत आणि मग टायर कंपनीला शिव्या देतात.

त्या राउंडला चौदा गाड्यांत भाचा अकरावा, बारावा, परत अकरावा आला. सगळ्यात पुढच्या मुलापेक्षा एका लॅपला, म्हणजे फेरीला, चार सेकंद मागं. अक्काला फोनवर नुसतं "सुखरूप आहे" सांगितलं. तिला तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या राउंडबद्दल लिहायचा उत्साह नाही. पहिल्या सरावाला क्लचच्या केबलनं दगा दिला, शून्य मिनिटं. दुसरा सराव 17, क्वालिफायिंग 13. पहिल्या रेसला आठव्या मिनिटाला भाच्यानं ब्रेक उशिरा दाबला, पुढची चाकं जाम झाली आणि तो पुढच्या गाडीच्या मागच्या चाकात शिरला. चूक त्याचीच. त्यानं स्वतः जाऊन त्या मुलाची माफी मागितली, ते मला कुठल्याही नंबरापेक्षा आवडलं. आपल्या गाडीचं नाक तुटलं आणि पुढचा एक विशबोन, म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणारा दांडा, वाकला.

नाकाचं काही नाही, नाक पाच मिनिटांत बदलतं. विशबोन मात्र पिटमध्ये एकच शिल्लक होता आणि टीमचा दुसराही एक मुलगा त्याच रेसला धडकला होता. तो गुणांच्या यादीत वर होता. विशबोन त्याला गेला. आमची उरलेली दोन्ही रेस तंबूत खुर्चीवर बसून झाली. करारात कुठंही लिहिलेलं नव्हतं की स्पेअर कमी पडले तर आधी कुणाला. मी भांडलो. हिंदीत भांडलो, नंतर मराठीत, कारण राग आला की माझी हिंदी संपते. माझ्या दुकानात दोन गिऱ्हाइकं आणि एक टायर अशी वेळ आली तर जो आधी आला त्याला देतो, नाहीतर दोघांना समोर बसवून विचारतो. परस्पर ठरवत नाही. ऑफिसचे दोन गुण इथं गेले, तिसरा गेला पुढच्या आठवड्यात बिल आल्यावर.

पण त्याच संध्याकाळी जे झालं त्यासाठी कोचला चार देतोय. कोच म्हणजे पूर्वी स्वतः रेस केलेला माणूस, कमी बोलणारा. रिकाम्या पिटमध्ये त्यानं लॅपटॉप उघडला. गाडीत एक डबी असते, ती सगळं लिहून ठेवते: वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर, स्टिअरिंग. स्क्रीनवर दोन रेषा, लाल आमच्या भाच्याची, निळी पहिल्या आलेल्या मुलाची. भाच्याला वाटत होतं की तो ब्रेक लवकर मारतो म्हणून मागं पडतो. म्हणूनच तर त्या दिवशी उशिरा मारायला गेला आणि धडकला. कोचनं बोटानं दाखवलं: ब्रेक दोघांचे जवळजवळ एकाच जागी. फरक त्यानंतर. निळी रेष ब्रेकवरून उतरते आणि लगेच ॲक्सिलरेटरवर चढते. लाल रेष ब्रेकवरून उतरते आणि मग काहीच नाही. सपाट. ना ब्रेक, ना ॲक्सिलरेटर. प्रत्येक वळणाला अर्धा सेकंद गाडी नुसती घरंगळतेय.

कोचनं विचारलं, ही सवय कुठून आली? भाचा माझ्याकडे बघायला लागला.

मीच शिकवली होती. माझ्या पिकअपवर. औशाहून येताना उतार लागला की न्यूट्रल मार, पाय काढ, डिझेल वाचतं. पोरगं पंधराव्या वर्षी शेतातल्या रस्त्यावर ते शिकलं आणि पाय काढायची सवय अंगात मुरली. सिंगल सीटरमध्ये शिकवणारा शेजारी बसू शकत नाही. एकच खुर्ची असते, म्हणून तर ते नाव. त्या डबीनं नसतं दाखवलं तर कुणाला कधी कळलं नसतं. हा डेटा बघायचे पैसे पॅकेजच्या बाहेर आहेत, हे आधी सांगत नाहीत. एक वेळ नवीन टायर कमी घ्या, पण हे घ्या.

परत आल्यावर दोन महिने भाच्यानं पिकअप न्यूट्रलवर टाकली नाही. डिझेलचा खर्च वाढला. तो मी यात धरलेला नाही.

तिसरा राउंड चांगला झाला. सकाळी मोठ्या मेकॅनिकानं चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि गाडी पुढं ढकलून चिरडली. मी दुकानाच्या दाराला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधतो, तेव्हा आमचं चांगलंच जमलं. क्लच चालला, टायर नवीन होते (नख लावून बघितलं), लाल झेंडा एकदाच. भाचा नववा, आठवा आणि शेवटच्या रेसला सातवा आला. चार सेकंदांचा फरक दीड सेकंदावर आला होता. शेवटच्या रेसला त्यानं आतल्या बाजूनं एकाला मागं टाकलं, ते मी कुंपणाला नाक लावून बघितलं. पुढच्या गाडीच्या आणि गवताच्या मध्ये दुरडीएवढी जागा असेल नसेल. उत्तरं येत नसलेल्या परीक्षेला बसल्यासारखे माझे पाय लटलट करत होते. तो बाहेर आला तर सूट पिळून पाणी निघेल असा. बारा मिनिटांत. त्याला पाणी दिलं तर म्हणाला, "एकदाबी पाय काढला नाही, मामा."

आता स्वप्नांबद्दल, कारण पॅकेज विकताना ते विकलं जातंच. फोनवर मला "इथून पुढं एफफोर, मग एफथ्री, एफटू, मग..." असं ऐकवलं होतं आणि ते "मग" बराच वेळ लांबवलं होतं. शिडी खरी आहे, पण पायऱ्या मोजून घ्या. एफ वनच्या सुपर लायसन्सला तीन वर्षांत 40 गुण लागतात. एका देशातल्या एफफोरचा विजेता झालात तर त्यातले 12 मिळतात. विजेता झालात तर. मुंबईचा जेहान दारूवाला 2011 मध्ये फोर्स इंडिया या एफ वन टीमच्या शोधमोहिमेतून पुढं आला तेव्हा तेरा वर्षांचा होता, आणि एफटूमध्ये रेस जिंकूनही एफ वनच्या ग्रिडवर उभा राहू शकला नाही. बंगळुरूच्या कुश मैनीनं 2025 मध्ये मोनॅकोला एफटूची स्प्रिंट रेस जिंकली, तोही लहानपणापासून कार्टिंगमधला, म्हणजे छोट्या रेसगाड्यांतला. आणि मर्सिडीजमध्ये बसलेला तो इटलीचा किमी अँटोनेली 2023 मध्ये 'मुंबई फाल्कन्स' नावाच्या टीमकडून आखाती देशांतली फॉर्म्युला रिजनल मालिका जिंकला होता. नाव मुंबईचं, पोरगं बोलोन्याचं. अठराव्या वर्षी उदगीरच्या मुलाला एफ वन दाखवणं म्हणजे बारावीनंतर तबल्याला बसवून मैफिलीची तारीख सांगणं. लहान मूल असेल तर आधी कार्टिंगला घाला. कोल्हापूरला मोहिते मंडळींनी ट्रॅक उभारलाय. आणि माझ्या भाच्यासारखा मोठा असेल, तर त्याला ही विद्या म्हणून द्या. त्याला इंजिनिअर व्हायचंय, त्या वर्षात तो कॉलेजात शिकला नसता एवढं सस्पेन्शन शिकला. दाजींना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते सस्पेन्शन माझ्या दुकानात फुकट शिकता आलं असतं.

राहिलं बिल. दुसऱ्या राउंडनंतर डिपॉझिटमधून काय काय कापलं त्याची यादी आली. विशबोन, ठीक. मजुरी, ठीक. नाक, नव्या नाकाची पूर्ण किंमत. नाक फायबरचं, पुढून टवका उडालेला आणि एक भेग, बाकी सगळं धड. तसली नाकं ते फायबरवाल्याकडून जोडून परत लावतात, मी स्वतः तंबूत जोडलेली दोन बघितली होती. मी फोन केला आणि एवढंच म्हटलं: आमच्या धंद्यात गिऱ्हाइकानं नव्या टायरचे पैसे दिले की जुना टायर गिऱ्हाइकाचा. त्याला हवा असेल तर डिकीत टाकून देतो, नको असेल तर विचारून ठेवून घेतो. तुम्ही पूर्ण पैसे घेतलेत, तर नाक माझं. एक तर अर्धे पैसे परत करा, नाहीतर माल द्या.

दोन दिवस विचार करून त्यांनी माल दिला.

तिसऱ्या राउंडनंतर तो आम्ही कुर्ला एक्सप्रेसनं आणला. चादरीत गुंडाळलेलं, माणसाच्या अर्ध्या उंचीचं, निमुळतं. खालच्या बाकाखाली जाईना, मधल्या बाकावर ठेवलं आणि भाचा रात्रभर पाय दुमडून झोपला. रायचूरच्या पुढं टीसी आला. त्यानं चादर वर करून बघितलं, मग आमच्याकडे बघितलं, मग विचारलं की हे नक्की काय आहे. भाचा म्हणाला, नाक. टीसीनं परत एकदा बघितलं आणि तिकिटं न मागता पुढं गेला.

आता ते दुकानात, बॅलन्सिंग मशीनच्या वर, दोन साखळ्यांनी टांगलंय. भेग तशीच आहे. काल एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, फवारणीचं हाय का.